चढायची घाई नको, उतरायची लाज नको

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. सोमवारची ओपीडी म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयात जत्राच असते. दुपारी दीडच्या सुमारास, गर्दी जरा ओसरल्यावर, एक ओळखीचं जोडपं आत आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ते एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, वय ६४. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, वय ६१. गावासाठी त्या आजही 'बाई'च. अण्णांच्या हातात नेहमीची फाइल होती, पण फाइलवर घडी घातलेला नकाशाही होता.

"डॉक्टर, गौरी-गणपती आटोपले की निघावं म्हणतोय. आपली गाडी, आपला तंबू. किन्नौर, स्पिती, जमलं तर चंद्रताल. महिना लागला तरी चालेल. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गाड्या दुरुस्त केल्या, आता स्वतःची चालवतो."

अण्णांना बारा वर्षांचा मधुमेह. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'नको'. डॉक्टरला 'नको' म्हणणं फार सोपं असतं. त्याला वेळ लागत नाही आणि पुढे काही झालं तर जबाबदारीही येत नाही. पण अण्णा उठले नाहीत. म्हणाले, "का नको, तेवढं सांगा. पटलं तर जात नाही."

प्रश्न रास्त होता. त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बोलावलं. निवृत्तीनंतर स्वतःच्या गाडीने लांबच्या, आडवळणाच्या मुलखात जाणारी जोडपी आता वरचेवर भेटतात. म्हणून आमचं बोलणं, मी दिलेले सल्ले आणि मी केलेली एक चूक, असं सगळंच इथे मांडतो.

उंचीवर नेमकं काय होतं?

'वर ऑक्सिजन कमी असतो' असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईत आणि स्पितीत सारखंच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. स्पितीचं मुख्य गाव काझा सुमारे ३,७०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे ६५ टक्के असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात आपल्याला एक तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन कमी मिळतो. शरीर यावर उपाय करतं. श्वास जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकून त्या जलद श्वासाला साथ देतात. या जुळवाजुळवीला काही दिवस लागतात. ते दिवस न देता आपण चढत राहिलो, की डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, झोप न लागणं सुरू होतं. हाच उंचीचा आजार. फार पुढे गेला तर मेंदूला सूज येते किंवा फुप्फुसांत पाणी भरतं, आणि दोन्हींत काही तासांत जीव जाऊ शकतो.

जगाला या आजाराची नीट ओळख करून देण्यात आपल्या लष्करातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९६२ च्या युद्धात मैदानी भागातले जवान थेट हिमालयाच्या उंचीवर पोहोचवावे लागले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या १,९२५ जवानांची निरीक्षणं १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही अभ्यासली जातात. ही सगळी तरुण, कसलेली माणसं होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्यालाही हा आजार होतो. उलट निव्वळ वय जास्त म्हणून तो जास्त होतो, असं दिसत नाही. साठीतल्या माणसाला खरी भीती असते ती सोबत नेलेल्या जुन्या आजारांची.

मनाली की सिमला?

अण्णांनी नकाशा टेबलावर पसरला. त्यांचा बेत मनालीकडून जायचा होता, कारण अंतर कमी. अटल बोगद्यामुळे रोहतांगचा घाटही टळतो. मी उंचीचे आकडे पेन्सिलने लिहिले. मनाली सुमारे २,०५० मीटर. तिथून सकाळी निघालं की साडेचार हजार मीटरच्या कुंझुम खिंडीतून रात्री मुक्काम थेट काझाला. एका दिवसात झोपायची जागा साडेसोळाशे मीटरने उंच! नियम असा आहे, की ३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरपेक्षा जास्त उंच असू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी विसावा घ्यावा. दिवसा उंच जाऊन आलात तरी चालतं, हिशेब रात्रीच्या मुक्कामाचा.

सिमल्याकडून सतलजच्या काठाकाठाने जाणारा रस्ता लांब आहे, पण चढ सावकाश आहे. सांगला २,७०० मीटर, कल्पा सुमारे २,९५०, ताबो सुमारे ३,३००, मग काझा. वाटेतलं नाको ३,६०० मीटरच्या वर आहे, म्हणून ते बघायचं पण झोपायला खाली ताबोला यायचं. पाय मोकळे करायला ज्यांच्याकडे महिना आहे, त्यांनी जवळचा रस्ता का शोधावा? निवृत्तांची खरी श्रीमंती वेळेची. आठ दिवसांची रजा काढून धावणाऱ्या तरुणांपेक्षा ते या बाबतीत भाग्यवान.

बेत ठरला. सांगल्याला तीन रात्री, कल्प्याला तीन, ताबोला तीन, मग काझा. काझाला दोन दिवस शांत बसून मगच पुढची उंची.

अण्णांची फाइल

स्टेंट बसवून तीन वर्षं झाली होती. छातीत दुखत नव्हतं. दोन मजले न थांबता चढत होते. ट्रेडमिल चाचणी करून घेतली, ती ठीक आली. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, चालताना छाती भरून येणाऱ्या किंवा पायांवर सूज असणाऱ्या माणसाला मी ठाम 'नाही' म्हणालो असतो. झटक्यानंतर सहा महिने तरी जाऊ द्यावेत आणि मग हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं. अण्णांचं तसं नव्हतं.

मला काळजी होती ती साखर उतरण्याची. ते मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड घेत. ही दुसरी गोळी जेवणाची वेळ चुकली तरी आपलं काम करतच राहते. तंबूतल्या मुक्कामात जेवण चुकणार, चालणं वाढणार. थरथर, घाम, गरगरणं ही साखर उतरल्याची लक्षणं. डोकं जड होणं आणि चक्कर उंचीच्या आजारातही असते. गोंधळ झाला तर आधी साखर तपासायची. यंत्र जवळ नसेल तर सरळ तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. शेंगदाण्याची चिक्की किंवा लाडू अशा वेळी उपयोगाचे नाहीत, त्यातल्या तेला-तुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. ते नंतर खावेत. साखर तपासायचं यंत्र आणि पट्ट्या थंडीत चुकीचे आकडे देतात, म्हणून त्या अंगातल्या खिशात ठेवायच्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते रात्री पांघरुणात घेऊन झोपावं. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ दिसलं तरी निकामी झालेलं असतं, ते टाकूनच द्यावं.

गाडीबद्दल मेकॅनिकला मी काय सांगणार? पण चालवणाऱ्याबद्दल सांगितलं. दिवसाला सहा तासांच्या वर चालवायचं नाही, दर दोन तासांनी उतरून दहा मिनिटं चालायचं. तासन्‌तास पाय लोंबकळत बसल्याने पोटरीतल्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. चारच्या आत मुक्काम गाठायचा. साठीनंतर अंधारात समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, आणि मोतीबिंदू पिकत असेल तर फारच.

एका गोष्टीवर मात्र मी आवाज चढवला. "थंडी वाजली तर इंजिन चालू ठेवून हीटर लावून गाडीत झोपू," असं अण्णा सहज म्हणाले. बंद गाडीत, बंद तंबूत इंजिन, शेगडी, कोळसा, गॅसचा स्टोव्ह यांतलं काहीही चालू ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्टपणे रक्ताला चिकटतो. माणूस झोपेतून उठतच नाही. उंचीवर आधीच ऑक्सिजन कमी, तिथे तर जास्तच घातक. अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवायची नाही, हे मीच पोरांना शिकवत होतो."

बाईंच्या गोळ्या

आता माझी चूक सांगतो. अण्णांच्या फाइलवर मी अर्धा तास दिला. बाईंना विचारलं, "तुम्हाला काय चालू आहे?" त्या म्हणाल्या, "मला काही नाही हो, बीपीची एक गोळी, तीसुद्धा सकाळची." मी मान हलवली आणि पुन्हा नकाशाकडे वळलो.

आमच्या ओपीडीत हे रोज घडतं. नवऱ्याच्या पाच गोळ्यांची नावं, वेळा, मिलिग्रॅम बायकोला तोंडपाठ असतात. स्वतःची गोळी कोणती, तर 'ती पांढरी'. बाईंच्या त्या एका गोळीत दोन औषधं होती, त्यांतलं एक लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारं. कोरड्या हवेत, उंचीवर शरीरातलं पाणी तसंही वेगाने कमी होतं. शिवाय एक गोष्ट मी विचारायला हवी होती आणि विचारली नाही, ती म्हणजे वाटेत स्वच्छतागृहं नाहीत म्हणून बायका काय करतात. त्या पाणीच पीत नाहीत. यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता होते, रक्त घट्ट होतं. मी ती गोळी निघण्याआधीच बदलून द्यायला हवी होती आणि तंबूसोबत न्यायच्या आडोशाबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं होतं.

काझाची रात्र

ते ठरल्याप्रमाणे निघाले. सांगल्याला सफरचंदांच्या काढणीचे दिवस होते. बस्पा नदीच्या काठी तीन दिवस मजेत गेले. कल्प्याहून अण्णांचा फोन आला, समोर किन्नर कैलास दिसतोय म्हणून. पुढे नाकोच्या अलीकडे दरड कोसळली आणि पूहला एक दिवस अडकून पडावं लागलं. इथे घोळ झाला. गेलेला दिवस भरून काढायचा म्हणून ताबोच्या तीन रात्रींची एकच झाली. दुसऱ्या दिवशी काझा गाठलं आणि त्याच दुपारी हिक्कीमला वर चढले. हिक्कीम सुमारे ४,४०० मीटरवर आहे. तिथलं टपाल कार्यालय जगातल्या सर्वांत उंचावरच्यांपैकी एक म्हणून ओळखलं जातं. बाईंना नातवंडांना तिथून पोस्टकार्डं टाकायची होती.

रात्री सव्वादहाला माझा फोन वाजला. "डॉक्टर, हिचं डोकं दुपारपासून दुखतंय. आत्ता सांगितलं. दोनदा उलटी झाली." मागून बाईंचा आवाज ऐकू आला, "उगाच फोन केलात, सकाळपर्यंत थांबेल."

मी तीन प्रश्न विचारले. बसल्या जागी दम लागतोय का? खोकला आहे का? बोलणं नेहमीसारखं आहे का? दम नव्हता, खोकला नव्हता, बोलणं मी ऐकतच होतो. मग सांगितलं, "फरशीच्या किंवा अंगणाच्या एका सरळ रेषेवर बाईंना चालवा. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना चिकटवत, दहा पावलं." टॉर्चच्या उजेडात बाई चालल्या. थकलेल्या होत्या, पण तोल गेला नाही.

ही दहा पावलं फार मोलाची असतात. मेंदूला सूज येऊ लागली की माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. बाईंचा तोल गेला असता, तर अपरात्री का होईना, ओळखीचा चालक शोधून मी त्यांना त्याच क्षणी खाली उतरायला लावलं असतं. तसं नव्हतं, म्हणून रात्रीचा डोंगरी रस्ता टाळला आणि काझाच्या सरकारी रुग्णालयात जायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, औषधं दिली, अंगातलं पाणी कमी झाल्याचं सांगितलं. त्यांच्याशी फोनवर बोलून बाईंची ती गोळी थांबवली. उजाडताच अण्णांनी गाडी परत ताबोकडे वळवली. सुमारे ५० किलोमीटर, ४०० मीटर खाली. संध्याकाळी बाईंनी भात मागितला. दुसऱ्या दिवशी डोकं उतरलं होतं.

उंचीच्या आजारावर खाली उतरणं हाच सर्वांत खात्रीचा इलाज आहे. ऑक्सिजन आणि गोळ्या मदतीला असतात, उतरण्याची जागा त्या घेऊ शकत नाहीत. साधी डोकेदुखी असेल तर त्याच जागी थांबून, विश्रांती घेऊन बरी होते. पण लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही आणि वाढत असतील तर खाली यायचं.

पुढे चंद्रताल राहूनच गेलं. अण्णांनी ताबोलाच पाच दिवस मुक्काम केला. तिथला मठ इ.स. ९९६ मधला, मातीच्या भिंतींचा, आत जुनी चित्रं. बाई रोज सकाळी तिथे जाऊन बसत. आल्यावर मला म्हणाल्या, "सगळ्या प्रवासातले तेच दिवस डोळ्यांसमोर आहेत."

मी विचारलं, "दुपारपासून दुखत होतं तर रात्रीपर्यंत बोलला का नाहीत?"

"छत्तीस वर्षांनी हे बाहेर पडले होते. माझ्या डोक्यापायी त्यांचा बेत कशाला मोडायचा?"

अण्णा शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत, नुसते खाली बघत राहिले.

या उत्तराने मला त्या रात्रीच्या फोनपेक्षा जास्त घाबरवलं. लपवलेली डोकेदुखी हाच डोंगरातला सर्वांत मोठा धोका. म्हणून अशा प्रवासाला निघणाऱ्या जोडप्यांना मी आता एक नेम घालून देतो. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी दोघांनी एकमेकांना विचारायचं: डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, लघवी नीट होतेय का, काल झोप लागली का? आणि खरं सांगायचं. बेत मोडण्याचा अधिकार दोघांनाही सारखा, कारण न विचारता.

निघण्यापूर्वी

• निघण्याच्या महिनाभर आधी दोघांनीही तपासणी करून घ्यावी. दोघांच्याही सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात, 'ती पांढरी'सुद्धा.

• लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, साखर उतरवणाऱ्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या यांबद्दल खास विचारावं. उंचीवर झोपेची गोळी आणि दारू, दोन्ही टाळावीत. दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

• उंचीचा आजार टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड ही गोळी चढाच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा इतर औषधं चालू असतील तर ती सगळ्यांना चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

• औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा दहा दिवसांची जास्त घ्यावीत आणि दोन ठिकाणी विभागून ठेवावीत. दरड कोसळली तर रस्ता कधी सुरू होईल, हे कुणी सांगू शकत नाही.

• काझासारख्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. जंतू मारायला तेवढं पुरतं, पण उकळी आल्यावर तीन मिनिटं ठेवावं. वरण-भातासाठी मात्र छोटा कुकर न्यावाच, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

• बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नेलंत तर आकडा बघून घाबरू नका. तिथे धडधाकट माणसाचाही ८८-९० दिसू शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

• आजारांची, औषधांची आणि रक्तगटाची माहिती एका कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा.

• लघवीसाठी आडोशाचा छोटा तंबू न्या. ही चैन नाही, आरोग्याची गरज आहे.

बाईंनी नातवंडांसोबत मलाही हिक्कीमहून एक पोस्टकार्ड टाकलं होतं. ते दोघं घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी ते माझ्या टेबलावर आलं. शाळेतल्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात दोनच ओळी होत्या. हवा छान आहे, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. डोकं तेव्हा दुखायला लागलं होतं.

ते कार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. 'मला काही नाही हो' असं कुणी म्हणालं की माझी नजर तिकडे जाते, आणि मी तो प्रश्न पुन्हा विचारतो. या सप्टेंबरात अण्णा आणि बाई पुन्हा निघणार आहेत. या वेळी ओपीडीत फाइल बाईंची आधी उघडली.